दम न घेनारा भोंगा

१

लावता पैज? ह्या गोष्टीत शेवटाला कुनाचं काय गेलं, ते आत्ताच वळखून दाखवा. बिबट्यानं मानूस नेला म्हनाल, तर हारलात. भूत निघालं म्हनाल, तरी हारलात. पोरीचं डोस्कं फिरलं व्हतं म्हनाल, तर हारलात आन् वर माझ्या शिव्या बी खाल. बसा आता टाळू खाजवत, तवर मी सांगतो.

मी मीरासाहेब. केंदूरच्या अलीकडं, कालव्याच्या चारीच्या कडंला आमची वस्ती. पन्नास वरीस म्या रिक्षावर भोंगा बांधून पुकारा केला. जत्रा, बैलबाजार, साड्यांचा सेल, कुस्त्यांचा फड, हरवलेली म्हस. शिरूर आन् दौंड, दोन्ही तालुक्यात माझा आवाज शिरला न्हाई असा उंबरा न्हाई. वाचाया येत नव्हतं, समदं पाठ. हातात कागद धरायचा तो शोभेला. भांडगावच्या चौकात एकदा कागद उलटा धरून अर्धा तास बोललो, आन् एक मास्तर म्हनला, "काय वाचता हो चाचा, खडाखडा!"

दुसरा धंदा म्हंजी लोकांची फिरकी घेनं. शेजारच्या मच्छिंद्राला त्याच्या सासऱ्याच्या आवाजात फोन करून म्या भर उन्हात एस्टी ष्टँडवर उभा केला व्हता, हातात हार घेऊन. सासरा आपला त्याच्या घरी घोरत पडलेला. मच्छिंद्र आठ दिस बोलला न्हाई. नवव्या दिशी आला आन् म्हनला, "चाचा, आता माझ्या मेव्हन्याला करा."

घरात आमी तिघं. मी, माझी लेक मेहरुन, आन् तिची लेक तहमीना. जावई शाहनवाज टरकवर. महिन्याला दोनदा येतो, जेवतो, झोपतो, जातो.

२

तहमीना तेवीस वरसाची. रांजनगावला एका कंपनीत लागली व्हती, चार महिन्यात सोडली. आईनं इचारलं का गं, तर म्हनली, "अम्मी, तो प्रेसचा आवाज कानात नाही जात. दातात जातो."

लहानपनापून तिचं असंच. कुडत्याच्या मानेवरची पट्टी ब्लेडानं काढायची, तरी दोऱ्याचं टोक टोचतं म्हनून कुडता उलटा घालायची. फोडनीत मोहरी पडली की ही अंगनात. टूबलाईट लावली की म्हनायची, ही बोलते, हिला बंद करा. कुनी खांद्यावर हात ठिवला तर इंगळी चावल्यागत उडायची. सख्ख्या आईला बी शिवू देत नव्हती. आन् ध्यान म्हंजी शेळी, ह्या कुपावरनं त्या कुपावर. चहा ठिवला की भांडं काळं. झाडू अर्ध्या अंगनात आडवा, धुनं अर्धं बादलीत, आन् ही तिसरीकडंच. पन एखाद्या गोष्टीत शिरली की मंग बाहेर निघत नव्हती. पाच-पाच तास. जेवन न्हाई, पानी न्हाई, हाक मारा न्हाईतर ढोल वाजवा.

पुन्याच्या डाक्टरीनबाईनं नाव सांगितलं, एडीएचडी. आन् वर म्हनल्या, ह्या पोरीचं कान, नाक, कातडं गरजेपेक्षा जादा आत घेतं. तुमचं-आमचं डोस्कं निम्मं गाळून टाकतं, हिचं गाळत न्हाई.

म्या म्हनलं, "म्हंजी बाई, गाळनी फाटलीय."

तहमीना हसली. मेहरुन न्हाई हसली.

आन् मी काय करायचो? पोरगी जेवाया बसली की चमचा ताटावरनं कर्रकन वढायचो. ती दोन्ही कान दाबून गुडघ्यात मान घालायची. मला वाटायचं गंमत.

घरी बसून ती भोंगे दुरुस्त करायची. माझंच जुनं सामान, माझ्याच जुन्या वायरी. कानावर कंपनीतली नारंगी जाड टोपनं, ती चढवली की बाहेरचा आवाज आत येत न्हाई. तिच्यापुढं एका येळी सात भोंगे उघडे असायचे. पूरा एक बी न्हाई.

३

बिबट्याचं तुमाला म्हाईत हाय. दोन वरसात उसात इतकं झालं की बाया गळ्यात खिळ्याचे पट्टे बांधून खुरपाया जाऊ लागल्या. मंग कुनीतरी शक्कल काढली. रानात भोंगा लावायचा आन् मानसाचा आवाज दिसभर चालू ठिवायचा, जनावर बिचकतं. आता आवाज कुनाचा? दुसरा हाय का कोन!

अकरा रानात माझा आवाज लागला. "हाऽऽड! कोन हाय रं तिकडं? काठी आन! हाऽऽड, हाऽऽड!" तहमीनानंच मोबाईलवर भरला, काटछाट केली, कार्डावर टाकला. एक्केचाळीस सेकंद. संपलं की पुन्ना पयल्यापून. माझी छाती जुनी, म्हनून दोन बोलांच्या मधी दमाचा आवाज येतो, हुस्स असा. म्या म्हनलं, त्येवढं काढून टाक.

ती म्हनली, "राहू दे नाना. दम नसला तर माणूस वाटत नाही."

सकाळी आठ ते सांजच्या सहा. मेहरुन म्हनायची, "एक अब्बा घरात जड होते, आता अकरा बाहेर."

शिमग्याच्या आगंमागं एका दुपारी लाईट गेली. अकरा भोंगे एकदम गप. तहमीनानं टोपनं काढून मांडीवर ठिवली आन् डोळं मिटून वसरीवर बसली. तिच्या तोंडावर असलं सुख म्या कमी बघितलंय. लांब कुठंतरी व्हला घुमत व्हता, त्येवढाच.

मंग आला. मच्छिंद्राच्या उसातनं. "हाऽऽड! कोन हाय रं तिकडं?"

"त्याचा बॅटरीवर असंल," मी म्हनलं.

तहमीनानं डोळं उघडलं न्हाईत. बोट वर केलं, गप म्हनून. पूरा एकदा आयकला. पुन्ना आयकला.

"नाना," ती म्हनली, "हा दम घेत नाही."

४

मला हसू आलं. म्हनलं, उन्हानं कार्ड खराब झालं असंल.

"कार्ड खराब झालं तर बोल तुटतील," ती म्हनली. "नेमका दमच कसा जाईल?"

दुसऱ्या दिशी सकाळी मच्छिंद्र आला. बगलेत भोंगा.

"ए पोरी, बघ गं ह्याला. उंदरानं वायर खाल्ली. चार दिस झालं घरात पडून हाय, आनीन आनीन म्हनतोय."

म्या इचारलं, "मंग रानात दुसरा लावलाय का?"

"दुसरा कुठला! तुमच्या एका आवाजानं माझी म्हस आटली, आजून दुसरा कशाला?"

तहमीना लगीच पुढं झाली. भोंगा बाजेवर ठिवला, त्याचं पोट उघडलं, कार्ड काढून मुठीत धरलं. तांबड्या-काळ्या वायरी लोंबत व्हत्या. बाकीचे दहा भोंगे चौबाजूंनी व्हरडत व्हते. त्या कालव्यात तिनं मान मच्छिंद्राच्या उसाकडं वळवली.

"ऐकू येतंय का, मच्छिंद्रमामा?"

त्यानं कान दिला. "येतंय की. चाचांचाच हाय. पल्याडच्या साहेबरावाच्या रानातनं येत असंल, वारं तिकडचं हाय."

वारं तिकडचं नव्हतं. वारंच नव्हतं. बाजेच्या वर जांभळीचं पान हालत नव्हतं. पन मच्छिंद्राचं म्हननं मला पटायला हवं व्हतं, म्हनून पटलं. चहा पिला आन् त्याला म्हशीवरनं दोन टोमनं मारलं.

तहमीना मातुर तवापून बदलली. जिचं ध्यान घटकाभर ठरत नव्हतं, ती टोपनं काढून, खांबाला टेकून, दिसचा दिस तिकडं आयकत बसाया लागली. ताटाला मुंग्या लागायच्या. मेहरुन म्हनली, बरं झालं, पोरीचं चित्त ठरलं. मला मातुर भ्या वाटलं. शेळी पाला सोडून एकाच जागी टक लावून उभी ऱ्हायली, तर राखनारा काय समजतो?

५

मंग मी काय केलं? जनमभर जे केलं तेच. फिरकी घेतली.

मनात म्हनलं, पोरीचं भ्या हसून घालवू. दुपारच्याला चारीवरनं वळसा मारून मी मच्छिंद्राच्या उसात शिरलो, पाच-सहा सऱ्या आत. ऊस दोन पुरुष उंच. आत ऊन उतरत न्हाई. खालच्या वाळल्या पाचटावर पाय पडला की चर्र वाजतं, आन् घामावर उसाची कुसं चिकटून मान खाजाया लागती. दम कोंडून म्या बोल टाकला, "हाऽऽड! कोन हाय रं तिकडं?" एकदा बी हुस्स न्हाई. झकास जमलं. मंग माझी मलाच मजा आली आन् वर एक जादाचं बोललो. आमच्या घरात आमी दखनी बोलतो. भोंग्यात ती बोली म्या कवाच भरली नव्हती. म्हनलं, "तहमीना, पानी लाव बेटा." म्हंजी पानी आन.

बांधावर पावलं आली. थांबली.

"नाना, तंबाखूचा वास येतोय. बाहेर या."

मी टोपीवरचा पाला झाडत हसत बाहेर आलो. "कशी जिरवली?"

पोरगी पांढरी पडली व्हती.

"तुम्ही त्याच्याजवळ नवीन बोललात," ती म्हनली. "त्याला भोंग्यातलं तेवढंच येत होतं. तुम्ही त्याला माझं नाव दिलंत."

मी तोंड उघडनार, तेवढ्यात आतनं आलं. मी जिथं उभा व्हतो त्याच्या बी आतनं, पार मधल्या सरीतनं.

"तहमीना, पानी लाव बेटा."

एका दमात. दमच न घेता.

आवाज घुमला असंल, असं तुमी म्हनाल. पन्नास वरीस भोंग्यात काढलीत, आवाज कुठं घुमतो ते मला कुनी शिकवू नये. डोंगर आवाज माघारी देतो. हीर देती. ऊस देत न्हाई. ऊस आवाज गिळतो.

६

घरी येऊन म्या मेहरुनला समदं सांगितलं. अक्षी खरं, हात जोडून.

ती परातीत पीठ मळत व्हती. वर बघितलं न्हाई.

"झालं सांगून?"

"मेहरुन, खुदा की कसम."

"माझ्या लग्नात काझीला बी कसम घालूनच सांगितलं होतं, नवरदेव पळाला म्हनून. आठवतं?"

आठवत व्हतं. काझीनं चप्पल बी घातली व्हती निघाया.

"पोरगी आजारी हाय, अब्बा. डॉक्टरीनबाई काय म्हनली? हिला जास्तीचं ऐकू येतं. तिची समजूत घालायची सोडून तुम्ही तिच्याच भ्याचा खेळ मांडलाय. दोघं मिळून मला बनवता?"

"जास्तीचं ऐकू येतं, अम्मी," तहमीना दारातनं म्हनली. "नसलेलं नाही येत."

मेहरुननं परात आदळली. तहमीना कान दाबून बाहेर पळाली.

त्याच्यानंतर पोरगी मला एकट्यालाच सांगायची. रोजच्या रोज, हवामानाची बातमी द्यावी तसं. "नाना, आज तो बांधापर्यंत आला होता." "आज त्यानं खोकून बघितलं." मी हुं म्हनायचो आन् तंबाखू मळायचो. मला ते समदं आयकू येत नव्हतं. दहा भोंग्यांच्या गलक्यात माझ्या आवाजातनं माझाच आवाज निवडून काढायचा, हे तिच्या कानाचं काम. मी दिसातनं एखादाच बोल पकडायचो.

एका सांजच्याला ती माझ्याजवळ येऊन बसली. नखं खाऊन बोटं लाल झालेली.

"आज त्यानं दम घेतला, नाना."

"मंग?"

"चुकीच्या जागी घेतला. 'पानी'च्या मधी."

म्या ते मनात म्हनून बघितलं. पा, हुस्स, नी. हातातली तंबाखू खाली टाकून दिली.

आता पुढं काय ते आमा दोघांना लख्ख दिसत व्हतं. कवातरी तो बरोबर जागी दम घेनार. मंग हाक मारनार. आन् घरातलं कुनीतरी जानार. तहमीना जानार नव्हती, तिला फरक कळत व्हता. मी जायचा प्रश्न नव्हता, हाक माझ्याच आवाजातली. उरली मेहरुन. आन् मेहरुन आमच्यावर इस्वास ठिवत नव्हती.

ठरवलं, तिला एकटं सोडायचं न्हाई. दोघातलं एक तरी जवळ ऱ्हायचं.

७

शुक्रवारी मी नमाजाला गावात गेलो. तहमीना वसरीवर एक भोंगा उघडून बसली व्हती. म्हनली, "जा नाना, मी आहे."

व्हती बी. पन त्या भोंग्यात तिला एक तुटकी तार सापडंना. बाहेरच्या गलक्यात सुचंना म्हनून तिनं टोपनं कानावर चढवली, घटकाभर. तिची घटका कशी असती ते तुमाला सांगितलंय.

अडीचच्या सुमाराला मी आलो, तर पोरगी तशीच वाकलेली. नाकावरनं घाम गळतोय, कळत न्हाई. म्या तिच्या तोंडापुढं हात हालवला. तिनं टोपनं काढली, आन् पयली नजर माठाकडं गेली. माठावरचा तांब्या नव्हता.

तिनं मान कलती केली. मला नुसता भोंग्यांचा गलका.

"अम्मी उसात आहे," ती म्हनली. "बांगड्या वाजतायत तिच्या. आन् नाना, तुम्ही तिच्याशी बोलताय."

सत्तरी पार केलेला मानूस कसा पळतो ते माझ्या गुडघ्यांना इचारा.

सरीत दहा-बारा हातावर मेहरुन पाठमोरी उभी व्हती. ओढनी डोस्क्यावर नीट घेतलेली, तांब्या दोन्ही हातांनी पुढं धरलेला, बापाला पानी देताना धरती तसा. पुढं कुनी नव्हतं. पुढं वाळल्या पाल्याचा एक पडदा लोंबत व्हता, वरनं खालपतूर, मानसापेक्षा थोडा उंच. समदा ऊस गप उभा. एक पातं हालत नव्हतं. फकस्त त्येवढा पाला आत जात व्हता, बाहेर येत व्हता. आत. बाहेर. तोंडावर फडकं टाकून झोपलेल्या मानसाचं फडकं हालतं तसा.

"मेहरुन," मी म्हनलं, "माघारी फिर."

"मेहरुन," पाल्यातनं आलं, "माघारी फिर."

दम बरोबर जागी. माझाच हुस्स.

तिनं माझ्याकडं बघितलं. मंग पुढं बघितलं. तिच्या तोंडावर भ्या नव्हतं, कट्टाळा व्हता. जनमभर म्या तिला इतक्यांदा बनवलं व्हतं की ह्यो बी त्यातलाच एक, असं तिला वाटलं असनार.

"बस करा आता, अब्बा," ती म्हनली. आमच्यातल्या कुनाला म्हनली, अल्ला जाने.

"आयक माझं, पोरी."

"आयक माझं, पोरी."

ह्यातलं आधी कोन बोललं ते मला आज बी सांगता येत न्हाई. मी तोंड उघडलं व्हतं एवढं नक्की.

मेहरुननं एक पाऊल पुढं टाकलं. तांब्यातलं पानी हिंदकळलं. पाला आत गेला आन् आतच ऱ्हायला. बाहेर यायचं थांबला.

तहमीना माझ्या अंगावरनं पुढं घुसली. तिनं दोन्ही हातांनी आईचं मनगट धरलं आन् मागं वढलं. पानं तिच्या गालाला कापत व्हती, रगताची रेघ उठली तरी सोडलं न्हाई. मेहरुनच्या हातनं तांब्या सुटला. तो पडल्याचा आवाज आला न्हाई. भरला तांब्या वाळल्या पाचटावर पडला, तर वाजाया नको?

८

दोन दिस मेहरुन उठून बसली न्हाई. तहमीना आपलं हात साबनानं धूत ऱ्हायली, कोपरापतूर, पुन्ना पुन्ना. आईचा घाम, बांगड्यांचा गारवा, समदं कातडीला चिकटून बसलंय म्हनली. धुतले की मातुर आईच्याच खाटंपाशी येऊन बसायची.

तिसऱ्या दिशी मेहरुन म्हनली, "त्यानं मला बब्बी म्हनलं."

लहानपनी मी तिला बब्बी म्हनायचो. तीस वरसात ते नाव माझ्या तोंडातनं निघालं नव्हतं. भोंग्यात न्हाई, उसात न्हाई. तवाच आमाला कळाया पायजे व्हतं. पन भ्यालेला मानूस हाताला यील तो नियम धरतो.

नियम तहमीनानं घातला. "नाना, आजपासून तुम्ही बोलायचं नाही. घरात नाही, बाहेर नाही, कुठंच नाही. म्हणजे तुमच्या आवाजात कोणी हाक मारली की अम्मीला कळेल, हे नाना नाहीत. आन् त्याला नवीन काही मिळणार पण नाही."

"किती दिस?" म्या इचारलं.

ती खाली बघत म्हनली, "हे तुमचं शेवटचं बोलणं, नाना."

मला वाटलं, आठ दिसाचा खेळ हाय. ऱ्हायलेले दहाच्या दहा भोंगे उतरवले, लोकांनी गानी लावली. तहमीनानं मला पाटीवर अक्षरं शिकवली; च्या, मीठ, चंची. पन पाटीवर लिहून फिरकी घेता येत न्हाई हो. मच्छिंद्राला दाखवली तर तो आधी चष्मा शोधाया घरी गेला. परत येईपतूर गंमत शिळी.

महिन्यानं खुटबावला आसमीनकडं गेलो. माझी थोरली बहीन, ऐंशी पार, डोळं गेलेलं. तिनं मला वळखायचं ते आवाजावरच. म्हनलं, मधी चाळीस-पन्नास किलोमीटर रान हाय, भीमा हाय, इथं कोन आयकतंय? तिच्या कानाशी वाकून हळूच बोललो, "आपा, आजून मेली न्हाईस व्हय?"

म्हातारी हसून हसून खोकली. "मेल्या, तू हो पुढं."

सांजच्याला घरी पोचलो तर तहमीना रस्त्यावर उभी.

"नाना, आज दुपारी तो म्हणाला, 'आपा, आजून मेली न्हाईस व्हय?' मग हसला. हसायचं कोणी शिकवलं त्याला?"

तवापून मी ओठ उघडला न्हाई; हे समदं बी लिहूनच सांगतोय.

९

दिवाळीनंतर तोड झाली. ऊस गेला. रान मोकळं, चारीपतूर नजर जाती. मच्छिंद्रानं कांदा लावला. मेहरुन कितीतरी दिसांनी अंगनात तांदूळ निवडाया बसली. तहमीनानं एक भोंगा पूरा दुरुस्त केला, शेवटचा स्क्रू बसंस्तोवर. घर घरागत वाटाया लागलं.

मागल्या महिन्यात आसमीन गेली.

खुटबावला लोकांनी तिचं तोंड दाखवलं. तिचा पोरगा सैफ रडत म्हनला, "मामू, एकदा हाक मारा तिला. चार दिस तुमचा आवाज आला का, तुमचा आवाज आला का, हेच चाललं होतं तिचं."

म्या ओठ दातात धरले. माती देताना हुंदका आला तो बी गिळला. मागं कुनीतरी बोललं, म्हातारा दगड हाय.

दुसऱ्या दिशी दुपारी घरी आलो. वसरीवर टेकतो न टेकतो, तवर मच्छिंद्राच्या रानातनं रडनं आलं.

रान मोकळं. कांद्याची पात इतभर. तिथं कुनी उभं असतं तर त्याची टाच बी दिसली असती. रडनं बरोबर मधोमध व्हतं आन् माझं व्हतं. म्या काल जे गिळलं ते समदं, हुंदक्यामागं हुंदका, "आपा, आपा" करत. मी तर तिला हाक मारलीच नव्हती. ती त्यानं कुठनं आयकली?

तहमीनानं टोपनं चढवली, वरनं हात दाबले, आन् भिताडाकडं तोंड करून बसली.

मेहरुन चुलीपुढनं उठून आली. तिला नियम ठावं हाय, ती पायरीखाली उतरली न्हाई. खांबाला धरून उभी ऱ्हायली, आयकत ऱ्हायली. मंग ओढनी डोस्क्यावर घेतली. तिचं डोळं भरलं व्हतं. किती महिने तिनं बापाचा आवाज आयकला नव्हता.

"अब्बा," ती रानाकडं तोंड करून म्हनली, "नका रडू."

मी तिच्या मागंच बसलो व्हतो.